एकट्या कलाकारानं साउंड सिस्टीम कशी निवडावी? सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मी पेटी घेऊन एकटाच अभंग आणि भावगीतं गातो. कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळताना दोन-चार जण जवळ येतात. कुणी नवा कीर्तनकार, कुणी गिटार वाजवणारा कॉलेजचा मुलगा, कुणी भजनी मंडळातल्या ताई. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवतो आहे.

स्वतःची सिस्टीम हवीच का? साउंडवाला गावोगावी मिळतो की.

मिळतो, आणि मोठ्या मांडवाला तोच हवा. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांसारखा मांडव असेल, तर आपला एक बॉक्स (अँप्लिफायर आतच असलेला स्पीकर) तिथं पुरणार नाही आणि पुरवायचा अट्टहासही करू नये.

पण आपले बहुतेक कार्यक्रम चाळीस ते दीडशे माणसांचे असतात. वास्तुशांत, बारसं, वाचनालयातली सायंकाळ, देवळातला सप्ताह, शाळेचा हॉल. अशा ठिकाणी भाड्याचा सेट येतो तो मिरवणुकीला लावायचा. दोन मोठे बेस, वर दोन टॉप. त्यातून पेटी वाजवली की खर्जातले सूर एकमेकांत मिसळून नुसता घुमारा उठतो आणि शब्द त्याच्याखाली दबतात. पुढच्या दोन ओळी कानावर हात ठेवून बसतात, मागच्यांना शब्दच लागत नाही. अभंगात शब्द लागला नाही तर उरलं काय? महिन्यातून दोन-तीन कार्यक्रम होत असतील तर स्वतःचा सेट घ्याच. वर्षातून दोन-तीनच होत असतील तर फक्त चांगला माईक विकत घ्या आणि तो सगळीकडे सोबत न्या.

बुवा, किती वॅटचा बॉक्स घ्यावा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते.

माझा पहिला बॉक्स मी शहरातल्या एका दुकानातून घेतला. खोक्यावर ठळक लिहिलं होतं, ६,००० वॅट पीएमपीओ. घरी आणल्यावर त्याच्या अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचलं: १५ व्होल्ट, ४ अँपिअर. गुणाकार केला तर ६० वॅट. जे यंत्र भिंतीतून ६० वॅट घेतं ते सलग ६,००० वॅट देणार कुठून? पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा दावा, तो आकडा कागदावरच राहतो. तुम्ही आरएमएस किंवा सलग चालणारी ताकद विचारा, आणि दुकानदार सांगत नसेल तर मागचं लेबल स्वतः वाचा.

पुढची गोष्ट अशी की वॅट दुप्पट केले तरी आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट म्हणजे फक्त ३ डेसिबलची वाढ, कानाला जेमतेम कळेल एवढी. ऐकणाऱ्याला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. म्हणून १०० आणि १५० वॅटमध्ये घासाघीस करण्यात वेळ घालवू नका.

खरा उपयोगाचा आकडा म्हणजे बॉक्सची कमाल ध्वनिपातळी, एक मीटरवर मोजलेली. समजा ती ११० डेसिबल आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. दोन मीटरवर १०४, चारवर ९८, आठवर ९२, सोळा मीटरवर ८६. समोरासमोरचं बोलणं ६० ते ६५ डेसिबलचं असतं हे लक्षात घेतलं, तर सोळा मीटरवरच्या माणसालाही हे भरपूर आहे. अर्थात ११० हा क्षणिक कळस. सलग गाणं त्याच्या बरंच खाली चालतं. तरी शंभरेक माणसांना आठ इंची स्पीकरचा एक चांगला बॉक्स नीट पुरतो, हा माझा अनुभव आहे.

बॅटरीचा घ्यावा की लाइटवर चालणारा?

आपल्या भागात बॅटरीचाच. या मुद्द्यावर मी हट्टी आहे आणि त्याला कारण आहे.

श्रावणात जांबोटीकडच्या एका गावात सप्ताहाला गेलो होतो. कौलारू देऊळ, बाहेर मुसळधार पाऊस, खिडकीतून धुकं आत येत होतं. दुसऱ्या अभंगाच्या ध्रुपदावर करंट गेला. काळोख झाला, पण आवाज गेला नाही. बॉक्सवरचा हिरवा ठिपका तेवढा दिसत होता. मी गात राहिलो. टाळकऱ्यांचा ठेका सुटला नाही. कुणीतरी समया मोठ्या केल्या आणि एकही माणूस उठला नाही. पश्चिम खानापूरच्या पावसाळ्यात लाइटच्या भरवशावर कार्यक्रम ठरवायचा म्हणजे अर्धा कार्यक्रम सोडून देण्याची तयारी ठेवायची.

बॅटरीला दुसराही फायदा आहे. गावात व्होल्टेज खाली-वर होतं, जुन्या वायरिंगला अर्थिंग नसतं, आणि मग स्पीकरमधून ५० हर्ट्झची सततची घूं घूं येते. बॅटरीवर चालवलं की ही घूं घूं बहुतेक वेळा पूर्ण जाते.

लिथियम आणि लेड-अॅसिड यांत लिथियम निवडा. लेड-अॅसिड जड असते आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की खराब होते. माझ्या त्या ६,००० वॅटवाल्याची बॅटरी चार महिन्यांत अर्धा तासही टिकेना, आणि दुकानात उत्तर मिळालं की बॅटरीला वॉरंटी नसते. तुमच्याकडे लेड-अॅसिडवालाच असेल तर कार्यक्रम झाल्याबरोबर पूर्ण चार्ज करून ठेवत जा. लिथियम मात्र महिनाभर वापरायची नसेल तर अर्ध्यावर चार्ज ठेवलेली बरी.

कंपनी सांगते ते तास मध्यम आवाजावरचे असतात. बोस एस-वन प्रोला ११ तासांपर्यंत, जेबीएल इऑन वन कॉम्पॅक्टला १२ तासांपर्यंत असे आकडे दिलेले आहेत. मोकळ्या अंगणात, पूर्ण आवाजात त्याच्या निम्मेच धरा. बॅटरी बाहेर काढून बदलता येते का, हे खरेदीच्या वेळी नक्की विचारा. रोलंडच्या क्यूब स्ट्रीट ईएक्समध्ये साधे आठ डबल-ए सेल बसतात. तो ५० वॅटचाच आहे, पण सेल कोणत्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात, ही त्याची मोठी जमेची बाजू.

एक बॉक्स घ्यावा की उंच खांबासारखा कॉलम?

कॉलममध्ये लहान लहान स्पीकर एकावर एक रचलेले असतात. त्यामुळे आवाज वर छताकडे आणि खाली जमिनीकडे कमी जातो, श्रोत्यांकडे सरळ जातो, आणि पुढची-मागची रांग यांत फरक कमी पडतो. घुमणाऱ्या मंगल कार्यालयात हा फरक लगेच कळतो.

पण माझा सल्ला पहिल्या खरेदीला एका बॉक्सचाच. स्टँडवर चढवता येतो, जमिनीवर तिरका ठेवून स्वतःला ऐकण्यासाठी मॉनिटर म्हणून वापरता येतो, आणि मोठ्या मांडवात त्याच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर पाठवायच्या भोकातून) साउंडवाल्याला एक वायर देता येते. म्हणजे तुमचा आवाज आणि पेटी तुम्हाला हवी तशी जुळवून त्याच्याकडे जाते.

स्टँड लागतोच का?

लागतोच. श्रोते सतरंजीवर बसलेले असले तरी बॉक्स पुढच्या माणसांच्या डोक्यावरून गेला पाहिजे. जमिनीवर ठेवलेल्या बॉक्सचा आवाज पहिल्या दोन ओळींच्या पाठीच शोषून घेतात. बॉक्सच्या तळाला ३५ मिलिमीटरचं भोक आहे ना, ते बघा. बहुतेक स्टँड त्याच मापाचे असतात.

स्कूटीवरून नेता येईल असा किती वजनाचा घ्यावा?

सात-आठ किलोपर्यंत. पेटी दहा किलोच्या आसपास, त्यात हा. एका हातात पेटी, खांद्यावर बॉक्सची पिशवी, पाठीवर वायरी. एवढं घेऊन एसटीत चढता आलं पाहिजे. बारा-पंधरा किलोचा बॉक्स दुकानात उचलला तर हलका वाटतो. लोंढ्याच्या स्टेशनवर जिना चढताना त्याचं खरं वजन कळतं.

सांबऱ्याहून विमानानं जाणार असाल तर बॅटरीवरचा वॅट-अवर आकडा बघून ठेवा. सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते. १०० वॅट-अवरपर्यंत अडचण नसते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते.

किती चॅनेल हवेत?

चॅनेल म्हणजे माईक किंवा वाद्य जोडायची वेगळी जागा. त्या किमान तीन हव्यात. गळा, वाद्य आणि तानपुरा. तबलजी सोबत येण्याची शक्यता असेल तर चार. त्यातल्या दोन जागी तीन पिनांचा माईक थेट लागला पाहिजे. कंडेन्सर माईक वापरायचा विचार असेल तर त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माईकच्या वायरीतूनच जाणारी वीज, लागतो. बऱ्याच बॅटरीच्या बॉक्समध्ये तो नसतो, म्हणून आधी विचारा.

माईक कोणता घ्यावा?

श्युअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून चालत आलेला माईक आहे, डायनॅमिक आहे, त्याला फँटम लागत नाही, आणि पडला-झडला तरी चालतो. नक्कल फार आहे, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावरच घ्या. याच प्रकारातले दुसऱ्या कंपन्यांचेही चांगले आहेत. फक्त तो कार्डिऑइड असावा, म्हणजे समोरचं ऐकणारा आणि पाठीमागचं फारसं न ऐकणारा.

आपले बरेच गायक माईकची जाळी मुठीत धरतात. तसं धरू नका. माईकची पाठीमागची वाट बंद झाली की तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि लगेच शिट्टी मारतो.

पेटीला माईक कुठं लावावा?

यावर मी बरेच महिने घालवले आहेत, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पेटीचा आवाज एका ठिकाणाहून येत नाही. वरच्या झाकणातल्या फटींतून येतो, पट्ट्यांच्या बाजूनं येतो, आणि मागच्या भात्यातून हवेचा फुसफुस आवाजही येतो. माईक भात्याजवळ नेला तर प्रत्येक हाताला फस्स ऐकू येतं. एकदम पट्ट्यांवर आणला तर बोटांची टकटक येते, आणि जवळचे चार सूर मोठे, लांबचे लहान.

मी लहान स्टँडवर माईक समोरून आणतो, झाकणापासून साधारण एक वीत वर, पेटीच्या मध्यापासून किंचित तारसप्तकाकडे सरकवून, आणि तोंड खाली झाकणाच्या मध्याकडे. तारसप्तकाकडे अशासाठी की खर्ज आपोआप भरून येतो, वरचे सूरच मागे पडतात. मग खर्ज-मध्य-तार असे तीन ‘सा’ एकामागून एक धरून ऐकतो. तिन्ही सारखे ऐकू आले की माईक तिथंच. त्यानंतर बॉक्सवरचा बेस थोडा उतरवतो. पेटीचा आवाज गळ्याच्या थोडा खालीच ठेवा. तुम्हाला स्टेजवर कमी वाटली तरी समोर ती पुरेशी पोचते.

पत्र्याच्या हॉलमध्ये माईक कोकलतो. काय करावं?

बॉक्समधून निघालेला आवाज माईकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा शिरतो. ही फेरी बंद करायची आहे. बॉक्स माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला न्या. माईकची पाठ बॉक्सकडे राहू द्या. तोंड माईकच्या जवळ आणा, म्हणजे आवाज कमी ठेवूनही काम होतं. बॉक्स कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवू नका.

एवढं करूनही कोकलत असेल तर कान द्या. ‘हूं’ असा जाड घुमार असेल तर बेस उतरवा. ‘कुई’ अशी बारीक शिट्टी असेल तर ट्रेबल उतरवा. मग ‘विठ्ठल’ म्हणा आणि कुणाला तरी शेवटच्या रांगेत उभं करा. ‘ठ्ठ’ जर स्वच्छ ऐकू आला तर सेटिंग बरोबर आहे. नुसता ‘विल’सारखा गोळा ऐकू आला तर अजून बेस उतरवायचा आहे. आणि गेन, म्हणजे माईकचा आवाज आत किती घ्यायचा ते बटण, नेहमी तुमच्या सगळ्यात चढ्या स्वरावर लावा. ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ वर लावलेला गेन तारसप्तकात फाटतो.

एको किती ठेवावा?

थोडाच. गाण्याला किंचित, बोलताना शून्य. निरूपण एकोमध्ये केलं की एक वाक्य दुसऱ्यावर चढतं. गावात लोक ‘एको वाढवा की’ म्हणतात, त्यांना प्रेमानं नाही म्हणा.

तानपुरा मोबाइलवरून ब्लूटूथनं लावला तर चालतो का?

तानपुरा चालतो. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो, पण तानपुऱ्याला मात्रा नाही, त्यामुळे तो उशीर कळत नाही. तबला किंवा लेहरा (तालाची फिरती धून) मात्र वायरनंच लावा. समेचा नेमका क्षण बॉक्समधून ऐकताना मोबाइलच्या पडद्यावर बघत असाल तर गोंधळ होतो. आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, मग ब्लूटूथ परत चालू करा. भर अभंगात फोनची रिंग शंभर जणांना ऐकवण्याचा प्रसंग मी पाहिला आहे.

गिटारचा आवाज पत्र्यासारखा येतो. बॉक्स खराब आहे का?

बहुधा नाही. गिटारमधला पिएझो पिकअप (लाकडाची थरथर उचलणारी पट्टी) साध्या लाइन-इनपुटला जोडला की त्याचा आवाज पातळ होतो. बॉक्सवर हाय-झेड किंवा गिटारचं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर मध्ये पिएझोसाठीचा प्रीअँप किंवा अॅक्टिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा आवाज बॉक्सला जुळवून देणारी छोटी डबी, लावा.

मी नारदीय कीर्तन करतो. हातात झांज-चिपळ्या असतात, माईक कसा धरू?

धरूच नका, हेडसेट घ्या. तो तोंडापासून सारख्या अंतरावर राहतो, मान कुठंही फिरवली तरी. कॉलरचा माईक दिसायला साधा, पण तो छातीवर असतो आणि बहुतेक चहूबाजूंनी ऐकणारा असतो, त्यामुळे शिट्टी लवकर मारतो.

वायरलेसमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या संचांना आपल्याकडे परवाना लागत नाही. पण त्याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथही चालतं, म्हणून रिसीव्हर स्टेजवर, तुमच्या नजरेच्या टप्प्यात ठेवा, गर्दीच्या पलीकडे नको. सोबत वायरचा एक माईक जोडून तयार ठेवाच.

लहान बैठकीलाही सिस्टीम लावावी का?

वीस-पंचवीस माणसं, बंद खोली, रस्त्याचा आवाज नाही, असं असेल तर लावू नका. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये इथंच, सुळेभावीला झाला. या मातीतल्या श्रोत्याला हळू लागलेला स्वरही कळतो. उगाच यंत्राचा पडदा मध्ये आणू नये असं मला मनापासून वाटतं.

परवानगी लागते का?

सार्वजनिक ठिकाणी लागते, बॉक्स कितीही लहान असला तरी. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० नुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी हवी. रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागांना सवलत. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्रात येऊ शकतो. कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल तेवढाच चालतो.

अर्ज पोलीस ठाण्यात आयोजकाच्या नावानं, चार-पाच दिवस आधी द्या. मी तो कन्नडमध्ये लिहून घेतो, काम लवकर होतं. पोच घेऊन पेटीच्या झाकणात ठेवतो. काकड आरतीला जाणाऱ्यांनी सकाळी ६ ची वेळ विशेष लक्षात ठेवावी.

पावसाळ्यात सेट कसा सांभाळायचा?

पाण्यापेक्षा दमट हवा जास्त नुकसान करते. ओल्या पिशवीत बॉक्स रात्रभर ठेवू नका. घरी आल्यावर उघडा करून पुसा, माईकची जाळी फिरवून काढा, आतला स्पंज वाळवा. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. प्लगच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर खरखर तिथूनच येते.

बजेट कसं वाटून घ्यावं आणि खरेदी कुठं करावी?

शंभर रुपयांतले साठ बॉक्सला, वीस माईकला, वीस स्टँड, चांगल्या वायरी आणि जाड पिशवीला. लोक नव्वद बॉक्सला घालतात आणि दहा रुपयांच्या वायरीनं कार्यक्रम बुडवतात.

अहुजासारखी जुनी भारतीय कंपनी असो की बाहेरची, दुरुस्ती कुठं होते हे आधी विचारा. बेळगावात होते, कोल्हापूरला पाठवावं लागतं, की थेट बेंगळुरूला? कोल्हापूर शंभर-एकशेदहा किलोमीटर, एका दिवसात जाऊन येता येतं. ऑनलाइन थोडं स्वस्त मिळालं तरी गणपतीच्या तोंडावर बॉक्स बंद पडला की जवळचा दुकानदारच उपयोगी पडतो. दुकानात जाताना स्वतःची पेटी किंवा गिटार आणि स्वतःचा माईक घेऊन जा. दुकानदार सिनेमाची गाणी लावून बेस ऐकवतो, त्यावरून काहीच कळत नाही. तुमचा नेहमीचा एक अभंग पूर्ण म्हणा.

वापरलेला सेट घेतला तर?

घ्या, पण घाईत नको. पूर्ण चार्ज करून, बॅटरीवर, मध्यम आवाजात दोन तास सलग वाजवून बघू द्यायला विकणारा तयार असेल तरच. आवाज शून्यावर ठेवून कान जवळ न्या, सुस्कारा किती येतो ऐका. प्रत्येक बटण सावकाश फिरवा, प्रत्येक भोकात वायर हलवून बघा, खरखर आली तर किमतीत धरा. पुढच्या जाळीतून टॉर्च मारून स्पीकरचा कागद फाटला आहे का ते पाहा. आणि नवी बॅटरी आजही मिळते का, कितीला मिळते, हे पैसे देण्याआधी फोन करून विचारा.